तीन धर्मांच्या नित्य प्रार्थनांची भाषा: शेजारी ठेवून वाचायची कशी

मराठवाड्यात अजान कानावर पडली नाही असा माणूस सापडणं कठीण. जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात राहिलेल्यांना चर्चची घंटाही ओळखीची. ज्यू प्रार्थना मात्र इथं ऐकायलाच मिळत नाही. अशा अवस्थेत एम.ए.चा विद्यार्थी, सर्वधर्म प्रार्थनेची संहिता बसवणारा शिक्षक किंवा वाचनमंडळाचा वक्ता तुलना लिहायला बसतो. मग बहुधा एकच गोष्ट घडते. तिन्ही प्रार्थनांची मराठी भाषांतरं गोळा होतात, त्यांत 'प्रभू', 'दया', 'क्षमा', 'मार्ग' हे शब्द सापडतात आणि 'सगळे एकच सांगतात' असा निष्कर्ष निघतो. पण ते शब्द भाषांतरकारांनी निवडलेले असतात, आणि ते सगळे आपल्याच संतवाङ्मयावर पोसलेले. प्रार्थनेची भाषा पाहायची तर नामं बाजूला ठेवून क्रियापदं आणि सर्वनामं धरावी लागतात: कोण बोलतंय, कुणाशी, आणि मागतंय की सांगतंय. पुढची रीत त्यासाठी आहे.

हाताशी काय हवं

- फातिहा (कुरआनची पहिली सूरह, म्हणजे अध्याय) आणि नमाजचे इतर पाठ: अरबी मूळ, उच्चार आणि अर्थ एकाखाली एक छापलेली छोटी पुस्तिका. मोठ्या मशिदीजवळच्या पुस्तकांच्या दुकानांत मिळते.
- सिद्दूर, म्हणजे ज्यू प्रार्थनापुस्तक, हिब्रू मजकूर आणि उच्चार दोन्ही असलेलं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजात सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंची) रीत चालते, तेव्हा सिद्दूर सेफार्दी परंपरेचाच घ्या.
- मराठी बायबल. मत्तय 6:9–13, लूक 11:2–4, अनुवाद 6:4–9 आणि 11:13–21 या ठिकाणी खुणा घालून ठेवा.
- तीन रकाने आखलेली आडवी वही. मोबाइलवर तीन मजकूर एकाच वेळी डोळ्यांसमोर राहत नाहीत.
- प्रत्येक परंपरेतला, ती प्रार्थना रोज करणारा एक माणूस. अभ्यासकच हवा असं नाही.

## 1. आधी जोड्या नीट लावा

सर्वांत जास्त घोटाळा इथंच होतो. 'नमाज' आणि 'प्रभूची प्रार्थना' या समोरासमोर ठेवायच्या गोष्टीच नव्हेत. नमाज हा उभं राहणं, वाकणं, सजदा यांसह पूर्ण विधी आहे. प्रभूची प्रार्थना हा पाच ओव्यांचा मजकूर. समान दर्जाच्या गोष्टीच शेजारी ठेवा.

मागणीचा मजकूर: इस्लाममध्ये सूरह फातिहा, ज्यू धर्मात अमिदा (उभं राहून म्हणायची मुख्य प्रार्थना), ख्रिस्ती धर्मात प्रभूची प्रार्थना.

श्रद्धेची घोषणा: नमाजमध्ये बसून म्हटल्या जाणाऱ्या तशह्हुदमधली शहादत (अल्लाह एकच असल्याची आणि मुहंमद त्याचे प्रेषित असल्याची साक्ष), ज्यूंची शमा, ख्रिस्त्यांचा प्रेषितांचा मतांगीकार.

शमा पहिल्या यादीत घालणारे पुष्कळ. 'ऐक, हे इस्राएला' अशी तिची सुरुवात आहे. म्हणजे ती देवाला उद्देशून नाहीच, समाजाला उद्देशून आहे. सकाळी आणि रात्री ती म्हटली जाते, ती ज्यू उपासनेचा कणा आहे, पण तिच्यात मागणं काही नाही. फातिहाशेजारी ठेवली की 'ज्यू लोक देवाकडे काही मागत नाहीत' असला भलता निष्कर्ष निघतो. मागण्या अमिदात आहेत, आणि भरपूर आहेत. आठवड्याच्या साध्या दिवशी तिच्यात 19 आशीर्वचनं असतात: पहिली 3 स्तुतीची, मधली 13 मागण्यांची, शेवटची 3 सेवा, कृतज्ञता आणि शांतीची. तिचं जुनं नाव मात्र 'शमोने एस्रे', म्हणजे अठरा. आकड्यांचा मेळ बसत नाही म्हणून गोंधळू नका. एकाची भर नंतर पडली, नाव तसंच राहिलं. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, मधल्या मागण्या गाळतात आणि 7 आशीर्वचनंच उरतात. म्हणून तुलनेसाठी साध्या दिवसाचीच अमिदा घ्या.

ख्रिस्ती बाजूला वेगळी अडचण. कॅथलिक घरात ठरलेले पाठ सापडतील: क्रूसाची खूण, प्रभूची प्रार्थना, 'नमो मरिया', जपमाळ. प्रोटेस्टंट घरात रोजची प्रार्थना बहुधा स्वतःच्या शब्दांत होते. तिथं छापील मजकूर शोधत बसलात तर 'यांची नित्य प्रार्थनाच नाही' असं वाटेल. ती असते, आणि तिचाही साचा असतो: 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' ने सुरुवात, आधी आभार, मग मागणी, शेवटी 'येशूच्या नावाने मागतो, आमेन'. हा साचा वहीत वेगळा लिहा. प्रभूच्या प्रार्थनेत 'येशूच्या नावाने' हे शब्द नाहीत, हेही त्याखाली नोंदवा.

## 2. मूळ भाषा कोणती, आणि ती किती बंधनकारक

नमाजच्या आत अरबीच. हनफी पंथाचे संस्थापक अबू हनीफा यांनी फारसीत पठणाला मुभा दिली होती, पण पुढे ते मत त्यांनी मागे घेतल्याचं परंपरा सांगते, आणि त्यांच्या शिष्यांनी ती सवलत अरबी उच्चारता न येणाऱ्यापुरती ठेवली. मराठवाड्यातले बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत, त्यामुळे हा मुद्दा इथं निव्वळ पुस्तकी राहत नाही. मात्र नमाजच्या दोन्ही कडांना दुसरी भाषा उभी असते. आधी नियत, म्हणजे नमाजचा संकल्प, ती बरेचजण उर्दूत म्हणतात: 'नियत करता हूँ मैं दो रकात नमाज़ फ़र्ज़ फ़ज्र की...'. आणि सलाम फेरल्यावरची, म्हणजे नमाज संपल्यावरची दुआ, ती उर्दूत, दखनीत, मराठीतही चालते. खुद्द 'नमाज' हा शब्द फारसीतला, अरबीत 'सलात'. 'मुस्लिम प्रार्थना अरबीत असते' एवढंच लिहिलंत तर अर्धीच गोष्ट लिहिलीत.

ज्यूंच्या मिश्ना या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथामध्ये, सोटा या प्रकरणात (7:1), कोणत्याही भाषेत म्हणता येतील अशा गोष्टींची यादीच आहे. तिच्यात शमा, अमिदा आणि जेवणानंतरचं आभारप्रदर्शन ही तिन्ही आहेत. म्हणजे नियम सैल, पण प्रथा घट्ट: पारंपरिक सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरात, हिब्रूच चालते. शिवाय कद्दीश ही देवाच्या नावाच्या स्तुतीची प्रार्थना हिब्रूत नसून अरामीत आहे. दोन्हींची लिपी एकच असल्यानं नवखा फसतो. आपल्याकडे यात मराठीही आहे. कोकणातल्या बेने इस्राएलांसाठी जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली.

ख्रिस्ती धर्मात कोणतीच भाषा बंधनकारक नाही. येशूची बोली अरामी, शुभवर्तमानं ग्रीकमध्ये, आणि चर्चमध्ये मराठी. कॅथलिक मिस्सा, म्हणजे मुख्य उपासनाविधी, मात्र शतकानुशतकं लॅटिनमध्ये होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 4 डिसेंबर 1963 रोजी मंजूर केलेल्या दस्तऐवजानं लोकभाषांना वाट दिली.

## 3. देवनागरीत उतरवताना काय बिघडतं

देवनागरीत अरबी लिहिताना चार-पाच वेगळी अक्षरं एकात मिसळतात. 'क़ल्ब' म्हणजे हृदय, 'कल्ब' म्हणजे कुत्रा. नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, गाळला की काय होतं ते दिसेलच. मराठीत आणखी एक पेच. आपला 'ज' दोन तऱ्हांचा: 'जग'मधला वेगळा, 'जीव'मधला वेगळा. त्यामुळे 'अजीम' लिहिलेलं प्रत्येकजण आपापल्या सवयीनं वाचतो. नुक्ता देऊन 'अज़ीम' लिहा आणि वहीच्या पहिल्या पानावर तसा खुलासा करा.

फातिहाच्या शेवटच्या आयतीत कुणी 'मग़ज़ूब' म्हणेल, कुणी 'मग़दूब'. एकाच अक्षराचे हे दोन उच्चार आहेत आणि उपखंडात त्यावरून जुना वाद आहे. दोन्ही नोंदवा. कोण चूक, ते ठरवायचं काम तुमचं नव्हे.

हिब्रूतही असंच. शमाच्या पहिल्या ओळीतला 'एखाद' (एक) हा शब्द तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, गुंडाळीत लिहिताना शेवटचं अक्षर, दालेत, मोठं काढतात. ते चुकून त्याच्यासारखंच दिसणारं रेश वाचलं गेलं तर 'एक'चा 'दुसरा' होईल. देवनागरीत ही काळजी दिसणारच नाही. टिपेत लिहावी लागते.

आयतींचे क्रमांक देताना बिस्मिल्लाह मोजली की नाही ते सांगा. मोजली तर 'इय्याक नअबुदु' ही पाचवी आयत, नाही मोजली तर चौथी. एकूण 7 दोन्हीकडे, कारण दुसऱ्या मोजणीत शेवटच्या आयतीचे दोन भाग करतात.

## 4. सर्वनामं रंगवा

आता खरं काम. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. देवाविषयी तृतीय पुरुष असेल तिथं एक रंग, देवाशी द्वितीय पुरुषात बोलणं असेल तिथं दुसरा. पाच मिनिटांत तिन्ही मजकुरांचा नकाशा समोर येतो.

फातिहा 'अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन' अशी सुरू होते. स्तुती अल्लाहची, पण अल्लाहविषयी. 'तो' सकल जगांचा पालनकर्ता, निवाड्याच्या दिवसाचा मालक. मग मध्येच बोलणं वळतं: 'इय्याक नअबुदु व इय्याक नस्तईन', आम्ही तुझीच भक्ती करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो. इथून शेवटापर्यंत 'तू'. अरबी अलंकारशास्त्रात या वळणाला 'इल्तिफात' म्हणतात.

ज्यू आशीर्वचनात वळण उलट दिशेचं. 'बारुख अता अदोनाय', धन्य आहेस तू, अशी थेट संबोधनानं सुरुवात. आणि आज्ञापालनाच्या वेळच्या आशीर्वचनांत पुढं लगेच 'अशेर किद्दशानु बमित्स्वोताव', ज्यानं 'त्याच्या' आज्ञांनी आम्हांला पवित्र केलं. एकाच वाक्यात 'तू'वरून 'तो'वर. मराठी भाषांतर करताना हात शिवशिवतो आणि आपण 'तुझ्या आज्ञांनी' लिहून वाक्य सरळ करतो. तसं करू नका. तुलनेचा मुद्दाच पुसला जातो.

प्रभूची प्रार्थना पहिल्या शब्दापासून अखेरपर्यंत 'तू'. वळण नाहीच.

आता बोलणारा कोण ते पाहा. तिन्हीकडे मागणाऱ्याचं अनेकवचन आहे: 'इहदिना', आम्हांला वाट दाखव, 'सलाख लानु', आम्हांला क्षमा कर, 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे'. एकटा माणूस पहाटे घरात बोलत असला तरी 'आम्ही'च. मराठीला इथं अधिकचं काही सांगता येतं, कारण आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. अरबी, हिब्रू आणि ग्रीकमध्ये हा भेद नाही. भाषांतरात 'आम्ही' आलं की देव त्या गटाबाहेर राहतो, आणि ते बरोबरच आहे. पण ही निवड मराठीनं केली आहे, मुळानं नव्हे.

सगळं अनेकवचनीच असं मात्र समजू नका. रुकूमध्ये 'सुब्हान रब्बियल अज़ीम', सजद्यात 'सुब्हान रब्बियल आला', दोन्हीकडे 'माझा रब'. म्हणजे उभं असताना 'आम्ही' आणि वाकल्यावर 'मी'. ज्यूंची झोपेतून उठल्याबरोबरची ओळही एकवचनी: पुरुष 'मोदे आनी' (मी आभार मानतो) म्हणतो, स्त्री 'मोदा आनी'.

'पिता' या संबोधनावर बरीच शाई खर्च होते. ते ख्रिस्त्यांचंच, असं लिहू नका. अमिदाच्या पाचव्या आणि सहाव्या आशीर्वचनात 'अविनु', आमच्या पित्या, असंच म्हटलेलं आहे. इस्लाममध्ये हे संबोधन नाही, तिथं 'रब'.

## 5. क्रियापद आज्ञार्थी की सांगणारं

संपूर्ण फातिहात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे: 'इहदिना'. पुढं आणखी एक बारकावा. कृपा झालेल्यांविषयी 'अनअम्त', 'तू' कृपा केलीस, असं कर्त्यासह येतं. कोप झालेल्यांविषयी कर्मणी रूप येतं आणि कोप कुणाचा ते उच्चारलं जात नाही. तुमच्या हातातल्या भाषांतरात 'तुझा कोप' असेल, तर 'तुझा' हा शब्द भाषांतरकाराचा आहे.

प्रभूच्या प्रार्थनेत आज्ञार्थ दोन प्रकारचे. आधी 'मानले जावो, येवो, होवो' ही तृतीय पुरुषी रूपं, मग 'दे, सोड, सोडव' ही थेट. पहिल्या गटाशेजारी फातिहा ठेवून काही सापडणार नाही. तिथं कद्दीश ठेवा: 'यित्गदल व्यित्कदश श्मे रब्बा', त्याचं महान नाव थोर आणि पवित्र मानलं जावो, आणि पाठोपाठ त्याचं राज्य स्थापन होवो. नाव, मग राज्य, तोच क्रम. फरक इतकाच की कद्दीशमध्ये 'त्याचं', तर येशूच्या प्रार्थनेत 'तुझं'. ही जोडी माझ्या मते सगळ्या तुलनेतली सर्वांत घट्ट जोडी आहे, आणि सर्वांत कमी वापरली जाते.

प्रभूच्या प्रार्थनेचा शेवट तपासा. 'कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव...' हे वाक्य मत्तयच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, आणि कॅथलिक पठणात ते प्रार्थनेला लागून येत नाही. कुणी प्रार्थना कापली असं समजू नका. लूकमधला पाठ मुळातच आखूड आहे.

## 6. पावसाची ओळ

मराठवाड्यातल्या वाचकाला हा भाग लवकर कळतो. अमिदाचं नववं आशीर्वचन पिकाचं आणि वर्षाचं आहे. त्यात पावसाची मागणी हिवाळ्यातच येते. इस्राएलबाहेर 4 किंवा 5 डिसेंबरच्या संध्याकाळपासून पेसाहपर्यंत (वल्हांडण सणापर्यंत). आपल्याकडे तेव्हा ज्वारी-हरभरा उभा असतो आणि पाऊस नको असतो. प्रार्थनेचं पंचांग पश्चिम आशियाचं आहे. ती कुठंही म्हटली तरी ते बदलत नाही. सेफार्दी सिद्दूरमध्ये या आशीर्वचनाचे हिवाळी आणि उन्हाळी असे दोन वेगळे पाठ असतात. कोणता उतरवला ते लिहा.

शमाच्या दुसऱ्या परिच्छेदातही पाऊस आहे. मराठी बायबलात तिथं 'आगोटीचा व वळवाचा पाऊस' अशी जोडी येते. आपल्याकडे वळीव आधी, एप्रिल-मेमध्ये, आणि आगोट नंतर. मुळातला पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा आणि शेवटचा मार्च-एप्रिलचा, पेरणीचा आणि दाणा भरण्याचा. शब्द ओळखीचे आहेत म्हणून आपला जून डोळ्यांसमोर आणाल तर सगळं उलटं होईल.

फातिहात पाऊस नाही. इस्लाममध्ये त्यासाठी वेगळी नमाज आहे, इस्तिस्का. दुष्काळी वर्षांत ती मराठवाड्यात मैदानात पढली जाते. ती नित्य प्रार्थना नव्हे, म्हणून तुलनेच्या रकान्यात न घालता खाली टिपेत द्या.

## 7. केव्हा गेलं तर काय ऐकू येईल

फर्ज (बंधनकारक) रकाती, म्हणजे नमाजची आवर्तनं, दिवसाला 17: फजरच्या 2, जोहरच्या 4, असरच्या 4, मगरिबच्या 3, इशाच्या 4. प्रत्येक रकातीत फातिहा असते. पण जोहर आणि असरला पठण मनातल्या मनात चालतं. दुपारी गेलात तर तकबीर ('अल्लाहु अकबर') सोडून फारसं काही कानी येणार नाही. फजर, मगरिब किंवा इशाला जा, त्यातही पहिल्या दोन रकाती मोठ्यानं असतात. फजरच्या अजानमध्ये 'अस्सलातु ख़ैरुम मिनन्नौम', झोपेपेक्षा नमाज बरी, ही जादा ओळ असते.

मुंबईचं छापील वेळापत्रक वापरू नका. सूर्यास्त संभाजीनगरला मुंबईपेक्षा सुमारे 10 मिनिटं आणि नांदेडला सुमारे 18 मिनिटं आधी होतो, मगरिब हुकेल.

अमिदा आधी प्रत्येकजण पुटपुटत म्हणतो. सकाळी आणि दुपारी मग हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, ती मोठ्यानं पुन्हा म्हणतो, रात्री नाही. आणि ही मोठ्यानं पुनरावृत्ती दहाजण जमले तरच. नाही जमले तर कद्दीशही होत नाही.

'आमेन/आमीन' तिन्हीकडे ऐकाल. फातिहानंतरचं आमीन कुरआनच्या मजकुराचा भाग नाही, आणि हनफी ते हळू म्हणतात. ज्यू रीतीत ते मुख्यतः ऐकणाऱ्यानं म्हणायचं असतं. ख्रिस्ती माणूस स्वतःच्या प्रार्थनेलाही म्हणतो.

## 8. प्रत्यक्ष जाताना

मशिदीत आधी इमामांना किंवा मुतवल्लींना (मशिदीच्या व्यवस्थापकांना) विचारा, पादत्राणं काढा, मागच्या भिंतीशी बसा, सफीसमोरून, म्हणजे नमाजींच्या रांगेसमोरून, जाऊ नका. शुक्रवार टाळा, गर्दी असते आणि जुम्याचा खुतबा, म्हणजे प्रवचन, नित्य प्रार्थनेत मोडत नाही. अभ्यासक स्त्री असेल तर ओळखीच्या घरी जाणं सोयीचं, कारण पुष्कळ ठिकाणी बायका नमाज घरीच पढतात. चर्चमध्ये आडकाठी सहसा नसते, पण रोजची प्रार्थना घरातच ऐकायला मिळेल.

सिनेगॉगसाठी पुणं गाठावं लागतं. तिथलं 1867 सालचं ओहेल डेव्हिड सिनेगॉग 'लाल देऊळ' म्हणून सर्वांना माहीत आहे. आधी लेखी परवानगी, ओळखपत्र सोबत, डोकं झाकलेलं. शनिवारी गेलात तर वही-पेन आणि मोबाइल बाहेर काढू नका. शब्बाथला लिहिणं वर्ज्य आहे. शिवाय त्या दिवशी अमिदा 7 आशीर्वचनांचीच असते, म्हणजे तुम्हांला हवी ती ऐकायलाच मिळणार नाही. इतर दिवशी दहाजण जमणार आहेत का, ते निघण्याआधी फोनवर विचारा.

ध्वनिमुद्रण कुठंही न विचारता करू नका.

## 9. लिहून झाल्यावर

प्रत्येक रकाना त्या त्या परंपरेतल्या माणसाला दाखवा. 'बरोबर आहे का?' असं विचारलंत तर लोक भिडेनं 'हो, छान आहे' म्हणतील. त्याऐवजी तुमचा देवनागरी मजकूर त्यांना मोठ्यानं वाचायला द्या. जिथं ते अडखळतील किंवा वाचताना आपोआप दुरुस्त करतील, तिथं तुमचं लिप्यंतर चुकलं आहे.

कच्चे कागद रद्दीत टाकू नका. हिब्रू लिपीत देवाचं चार अक्षरी नाव लिहिलेला कागद ज्यू परंपरेत फेकत नाहीत, जपून ठेवून पुरतात. अशा जागेला गनीझा म्हणतात. कुरआनच्या आयती असलेल्या कागदांसाठी मशिदींत बहुधा वेगळी पेटी असते, तिथं द्या. छायाप्रती काढतानाही दुकानात खराब निघालेली पानं मागून घ्या.